रीळ आधी हातातून, मग मशीनमधून: जुन्या छोट्या फिल्म घरी जमवणं आणि दाखवणं

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या मामांच्या वाड्यात माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात आठ एमएमची एकवीस छोटी रिळं, एक प्रोजेक्टर आणि रिकाम्या बिस्किटांच्या डब्यात ठेवलेले दोन दिवे. मामा गेल्यावर मी ती ट्रंक घरी आणली. त्याच रात्री, प्रोजेक्टरचा दिवा पेटतोय आणि मोटर फिरतेय एवढंच पाहून, पहिलं रीळ लावलं. भिंतीवर कमाटी बाग आली, छोटी आगगाडी आली, डब्यात बसलेली आजी आली. मग खडखड सुरू झाली आणि चित्र उड्या मारायला लागलं. मी स्विचपर्यंत पोचेपर्यंत दोन फूट फिल्मची कडेची भोकं फाटली होती. आठ एमएमचे दोन फूट म्हणजे दहा सेकंद. त्या दहा सेकंदांत आजी कॅमेऱ्याकडे बघून हात हलवते. त्या फिल्मला निगेटिव्ह नव्हती आणि दुसरी प्रतही नव्हती.

त्या रात्रीनंतर मी हे काम नीट शिकले. पुस्तकांतून, जुन्या ऑपरेटरांकडून, आणि फाटलेली भोकं भिंगाखाली पुन्हा पुन्हा बघून. पुढे जे लिहिते आहे त्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी रीळ ओळखायचं, मग ते फुटाफुटाने हातातून न्यायचं, मग मशीन तपासायचं आणि सगळ्यात शेवटी दिवा लावायचा. घाई होते ती नेमकी शेवटच्या पायरीची.

हातात काय आलंय ते ओळखा

घरगुती आणि शाळा-क्लबांच्या वापरातल्या फिल्म मुख्यतः चार मापांच्या. फ्रान्सच्या पाथे कंपनीची ९.५ एमएम १९२२ साली आली. तिची ओळख सोपी, कारण भोक मधोमध, दोन चौकटींच्या मध्ये असतं. आपल्याकडे ती क्वचितच सापडते. कोडॅकची १६ एमएम १९२३ ची. दोन्ही कडांना भोकं असतील तर ती मूकपटाची, एकाच कडेला असतील तर दुसऱ्या कडेवर आवाजाची पट्टी असण्याची शक्यता. साधी आठ एमएम १९३२ साली आली. ही खरं तर १६ एमएम रुंदीचीच फिल्म, कॅमेऱ्यातून दोनदा फिरवून धुलाईनंतर मधोमध कापलेली. म्हणून २५ फुटांच्या रिळाचे ५० फूट होत. शेवटची सुपर एट, १९६५ ची.

साधी आठ आणि सुपर एट यांची रुंदी एकच, त्यामुळे नवखा माणूस इथेच चुकतो. साध्या आठची भोकं मोठी, चौकोनी आणि दोन चौकटींच्या सीमेवर असतात. सुपर एटची भोकं बारीक आणि चौकटीच्या मध्यावर असतात, म्हणून चित्राला जागा जास्त मिळते. रिळावरूनही कळतं: साध्या आठच्या रिळाचं मधलं भोक छोटं, सुपर एटचं मोठं, अर्ध्या इंचाचं. एकासाठी बनवलेल्या मशीनवर दुसरी चालवली तर भोकं फाटणारच. काही प्रोजेक्टरांवर दोन्हींसाठी खटका असतो. तो कुठे आहे ते आधी बघून ठेवा.

लोक एक प्रश्न हमखास विचारतात: जुनी फिल्म पेट घेते ना? पेट घेणारी नायट्रेट फिल्म ३५ एमएमची. १६ आणि ८ एमएम सुरुवातीपासून सेफ्टी बेसवर, म्हणजे अॅसिटेटवर, बनवल्या गेल्या, कारण त्या घरात चालवायच्या होत्या. तुमच्या ट्रंकेत ३५ एमएमचे तुकडे निघाले तर ते वेगळे काढा, दिव्याजवळ नेऊ नका आणि जाणकाराला दाखवा.

यानंतर सगळ्यात महत्त्वाचा फरक: ही प्रिंट आहे की मूळ फिल्म? घरगुती चित्रीकरण बहुतेक रिव्हर्सल फिल्मवर होई. कॅमेऱ्यात गेली तीच पट्टी धुऊन पडद्यावर येई, म्हणजे जगात तिची एकच प्रत. अशा फिल्मच्या कडा बहुधा काळ्या असतात. विकत मिळालेल्या माहितीपटांच्या, कार्टूनच्या, सिनेमाच्या तुकड्यांच्या प्रिंट मात्र निगेटिव्हवरून अनेक निघालेल्या असतात. माझा नियम असा आहे की प्रिंट दाखवायची आणि घरची मूळ फिल्म आधी स्कॅन करून घ्यायची. स्कॅन झाल्यावर वर्षातून एकदा दिवाळीत चालवा, मन घट्ट करून. स्कॅनच्या आधी एकदाही नको.

शोध आणि खरेदी

बडोद्यात हा माल कुठून येतो? शाळा, मिशन, क्लब, सरकारी खाती यांच्याकडे १६ एमएमचे प्रोजेक्टर होते. १९४८ साली सुरू झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट आणि वार्तापट १६ एमएमवरही फिरत. गणपतीत चौकात पांढरा पडदा बांधून सिनेमा दाखवायचे तेही याच मापावर. कपाटं रिकामी झाली की हा माल रद्दीवाल्याकडे जातो. बडोद्याचा शुक्रवारी बाजार, अमदावादची रविवारची गुजरी, मुंबईचा चोरबाजार, आणि जुन्या फोटो स्टुडिओंची वरची फळी, एवढ्या ठिकाणी चक्कर मारत राहा. स्टुडिओवाल्यांशी ओळख ठेवा. दुकान बंद करताना ते आधी तुम्हाला फोन करतील.

या गावात हे काम करताना मला एक वेगळंच बळ मिळतं. सयाजीरावांनी १८९० साली कलाभवन काढलं आणि दादासाहेब फाळके तिथे छायाचित्रण शिकले. त्या इमारतीवरून जाताना पिशवीत एखादा फिल्मचा डबा असला की मी तो जरा सांभाळूनच धरते.

विकत घेताना झाकण उघडल्याबरोबर वास घ्या. लोणच्यातल्या सिरक्यासारखा आंबट वास आला तर अॅसिटेट कुजायला लागलं आहे. याला व्हिनेगर सिंड्रोम म्हणतात. निघालेलं अॅसिटिक अॅसिड पुढची कुज वाढवतं, म्हणून एकदा सुरू झाली की ती थांबत नाही, फक्त थंडीने मंदावते. अशी फिल्म चांगल्या फिल्मजवळ ठेवली तर तिच्यावरही परिणाम होतो. मी सिरक्याचा वास असलेली प्रिंट फक्त एकाच कारणासाठी घेते: विषय दुर्मिळ असेल आणि लगेच स्कॅन करता येणार असेल तर.

मग फिल्मचा एक हातभर भाग पांढऱ्या उजेडासमोर धरा. पिवळ्या बल्बसमोर नको, तो फिकट रंग लपवतो. १९८० च्या आधीच्या ईस्टमनकलर प्रिंट आज बहुतेक गुलाबी किंवा विटकरी झालेल्या दिसतात, कारण त्यांतला निळसर रंग आधी उडतो. कोडॅकने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला रंग टिकणारा नवा प्रिंट स्टॉक आणला. कडेवर 'एलपीपी' अशी अक्षरं दिसली तर रंग चांगले असण्याची आशा ठेवा. कोडाक्रोम अंधारात ठेवलेली असेल तर साठ वर्षांनीही रंग टवटवीत दिसतात. मामांच्या रिळांतली लाल नऊवारी अजून लालच आहे. टेक्निकलर कंपनीच्या रंग छापण्याच्या जुन्या पद्धतीने निघालेल्या प्रिंटही उडत नाहीत. कृष्णधवल प्रिंटला हा प्रश्नच नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्याने पहिली पाच-सहा रिळं कृष्णधवलच घ्यावीत, असं मी आग्रहाने सांगेन.

विक्रेता लांबचा असेल तर चार गोष्टी मागा: रिळाचा आडवा फोटो, उजेडासमोर धरलेल्या चौकटींचा फोटो, फुटांत लांबी, आणि वासाबद्दल स्पष्ट उत्तर. मिनिटांच्या आकड्यावर विसंबू नका. हिशोब स्वतः करा. १६ एमएमच्या एका फुटात ४० चौकटी. आवाजाची फिल्म सेकंदाला २४ चौकटींनी चालते, म्हणजे मिनिटाला ३६ फूट. सात इंची, ४०० फुटांचं रीळ सुमारे ११ मिनिटं. सुपर एटच्या फुटात ७२ चौकटी, १८ च्या वेगाने ५० फूट म्हणजे ३ मिनिटं २० सेकंद. साध्या आठच्या फुटात ८० चौकटी, १६ च्या वेगाने ५० फूट सुमारे चार मिनिटं.

ओरखडे पाहून प्रिंट टाकून देऊ नका. १९२७ च्या 'मेट्रोपोलिस' या जर्मन मूकपटाचा हरवलेला बराचसा भाग २००८ साली ब्यूनॉस आयर्सच्या एका संग्रहालयात सापडला, तोही ओरखड्यांनी भरलेल्या १६ एमएमवर. तुमच्या हाती एखादा जुना भारतीय माहितीपट किंवा अनोळखी मूकपट आला तर पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला जरूर कळवा. १९६४ पासून ते हेच काम करत आले आहेत.

हक्कांबद्दल थोडक्यात: प्रिंट विकत घेतली म्हणजे चित्रपटाचे हक्क विकत घेतले असं होत नाही. भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर ६० वर्षं असतो. घरच्या माणसांना दाखवणं वेगळं. मंडळात, सभागृहात किंवा तिकीट लावून दाखवायचं असेल तर परवानगी घ्या.

हाताने तपासणी: इथे वेळ घाला

टेबलावर धुतलेला पांढरा सुती कपडा अंथरा. दोन रिवाइंड हातळे, म्हणजे रीळ हाताने फिरवून गुंडाळायचे दांडे, टेबलाच्या दोन टोकांना पक्के बसवा आणि मध्ये एक साधी उजेडाची पाटी ठेवा. पंखा बंद. धूळ आणि वारा दोन्ही फिल्मचे शत्रू, म्हणून आमच्या घरी हे काम सकाळी केर काढण्याच्या आधी होतं.

डाव्या हातात सुती मोजा घाला, अंगठा आणि तर्जनीमध्ये फिल्मच्या फक्त दोन कडा धरा आणि उजव्या हाताने हातळा सावकाश फिरवा. चित्राला बोट लागता कामा नये. कडेवरून बोट सरकताना फाटलेलं भोक खुपतं, सुटलेला जोड खटकतो, वाकलेली जागा लाटेसारखी जाणवते. डोळ्यांना चुकतं ते बोटांना कळतं. चारशे फुटांचं रीळ असं न्यायला मला पाऊण तास लागतो.

पुढची पायरी आकसण्याचं माप. अॅसिटेट वर्षानुवर्षं आकसतं आणि मग भोकं मशीनच्या दात्यांशी जुळत नाहीत. माझी फिल्म फाटली ती यामुळेच. मोजणं अगदी सोपं आहे. टेबलावर स्टीलची पट्टी चिकटवा, फिल्म सपाट ठेवा आणि १०० चौकटींची लांबी घ्या. १६ एमएमची ती ७६२ मिलिमीटर यायला हवी, सुपर एटची ४२३, साध्या आठची ३८१. एक टक्का आकसलेली १६ एमएम ७५४ च्या आसपास येते, सुपर एट ४१९, साधी आठ ३७७. मी एक टक्क्याची वाट बघत नाही. १६ एमएम ७५६ च्या खाली गेली की ती प्रोजेक्टरवर लावायची नाही, दात्यांशिवाय चालणाऱ्या स्कॅनरवर द्यायची. मामांचं ते रीळ मी नंतर मोजलं: ३७६ भरलं. पट्टी आणि पाच मिनिटं, एवढ्याने आजी वाचली असती.

जोडांकडे वळू. जुने जोड दोन प्रकारचे. सिमेंटचा जोड म्हणजे एका टोकावरचं इमल्शन (चित्राचा थर) खरवडून दुसरं टोक त्यावर विरघळवून चिकटवणं. सिमेंट फक्त अॅसिटेटवर धरतं. पॉलिएस्टर फिल्मवर ते बसत नाही, तिथे टेपच लागते. अॅसिटेट की पॉलिएस्टर हे ओळखायला रीळ आडवं धरून उजेडाकडे बघा. पॉलिएस्टरच्या थरांतून उजेड आरपार येतो, अॅसिटेटचं रीळ गडद दिसतं. आणि पॉलिएस्टर हाताने फाटत नाही.

टेप लावायची तर फिल्मसाठी बनवलेली स्प्लायसिंग टेपच लावा. स्टेशनरीच्या दुकानातली सेलोटेप बडोद्याच्या मे महिन्यात वितळते, तिचा चिकटा बाहेर येतो आणि शेजारचा थर धरून ठेवतो. जुनी सेलोटेप निघत नसेल तर ओढू नका. कापसाच्या बोळ्यावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन चिकटा भिजवा, मग हळूहळू सोडवा. फाटलेल्या भोकांवर भोकं पाडलेली दुरुस्तीची टेप मिळते. एकदोन भोकं तिच्याने सावरतात. सलग पाच-सहा गेली असतील आणि ती प्रिंट असेल तर तेवढ्या चौकटी कापून जोड द्या. मूळ घरगुती फिल्म असेल तर एकही चौकट कापायची नाही.

प्रत्येक रिळाच्या दोन्ही टोकांना पाच-सहा फूट लीडर, म्हणजे कोरी फिल्मपट्टी, जोडा. मशीनमध्ये घालताना होणारी सगळी झीज तो स्वतःवर घेतो. लीडरवर पर्मनंट पेनने नाव, माप, वेग आणि 'सुरुवात' किंवा 'शेवट' लिहा.

साफसफाई सगळ्यात शेवटी. मऊ, लव न सुटणाऱ्या कापडाची घडी, तिच्यावर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल, आणि फिल्म त्या घडीतून सावकाश जाऊ द्यायची, इतकी सावकाश की गुंडाळली जाण्याआधी ती कोरडी झाली पाहिजे. हात धुण्याचं सॅनिटायझर वापरू नका, त्यात पाणी आणि सुगंध असतो. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ ज्योत किंवा गरम दिवा नको. कडेवर तपकिरी चुंबकीय पट्टी असेल तर आधी शेवटच्या इंचावर करून बघा. कापड तपकिरी झालं तर थांबा, आवाज पुसला जातोय.

बुरशी दिसली, म्हणजे पांढुरकी भुकटी किंवा झाडाच्या फांद्यांसारखी नक्षी, तर मास्क घाला आणि रीळ आधी कोरड्या जागी सुकू द्या. बुरशी लागलेल्या इमल्शनला पाणी लावायचं नाही. बुरशी जिलेटिन खाऊन ते असं करून ठेवते की ते पाण्यात विरघळतं आणि चित्र कापडावर येतं.

विश्वामित्री नदी घरात आली तर

ऑगस्ट २०२४ च्या पुरात आमच्या ओळखीच्या एका घरी तळमजल्यावरची कपाटं दोन दिवस पाण्यात होती. त्यांत लग्नाच्या सुपर एटचे डबे. त्यांनी ते बाहेर काढून गच्चीवर उन्हात ठेवले. हेतू चांगला होता, पण थर एकमेकांना असे चिकटले की एकही रीळ उलगडलं नाही. म्हणून पुराबद्दल इथे सविस्तर लिहिते.

भिजलेलं रीळ गुंडाळलेल्या स्थितीत कधीही सुकू देऊ नका. डब्यातून काढा, स्वच्छ थंड पाण्याने चिखल सोडवा आणि झाकणाच्या बादलीत स्वच्छ थंड पाण्यात पूर्ण बुडवून ठेवा. फ्रीझरमध्ये टाकू नका. दोन-तीन दिवसांत फिल्म धुणाऱ्या लॅबकडे पोचवता आलं तर उत्तम. ते शक्य नसेल तर घरीच करावं लागतं. पन्नास फुटी रीळ म्हणजे १५ मीटर, एका खोलीत मावतं. धूळ नसलेल्या बंद खोलीत सुती दोऱ्या बांधा, फिल्म पाण्यातच सोडवत सोडवत बाहेर घ्या आणि चमकदार बाजू दोरीवर, इमल्शन वर, अशी सैल झोळ्यांनी टाका. इमल्शन कशालाही टेकता कामा नये. मिळाल्यास शेवटच्या पाण्यात फोटो धुलाईचं वेटिंग एजंट थोडं घाला, थेंबांचे डाग राहत नाहीत. ऊन नको, हेअर ड्रायर नको. पूर्ण सुकल्यावरच सैलसर गुंडाळा. ४०० फूट म्हणजे १२२ मीटर. त्याला दोन माणसं आणि अख्खा दिवस धरा.

मशीन

जुना प्रोजेक्टर आणल्या आणल्या प्लग लावू नका. आधी पाटी वाचा. अमेरिकन मशीन ११० व्होल्ट, ६० हर्ट्झचं असतं. आपल्याकडे २३० आणि ५०. त्याला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि जुन्या मशीनचा दिवाच ७५० वॅटचा असेल तर ट्रान्सफॉर्मर हजार वॅटच्या वरचा घ्या. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ नाही. मोटर सिंक्रोनस, म्हणजे हर्ट्झवर वेग ठरणारी, असेल तर २४ चा वेग २० वर येतो आणि आवाज जड होतो. काही मशीनांत पट्टा दुसऱ्या खाचेवर सरकवून हे दुरुस्त करता येतं. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

रबरी पट्टे बहुतेक मेलेले असतात, नवे बसवा. गेट, म्हणजे दिव्यासमोरची जी खिडकी फिल्म दाबून धरते, ती टूथब्रश आणि लाकडी काडीने साफ करा. धातूची वस्तू लावू नका. गेटमधला एक कडक कण संपूर्ण रिळावर सरळ रेघ ओढतो. शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब फिरत्या जागी द्या, पट्ट्यांवर नको. मग फिल्मशिवाय पंधरा मिनिटं चालवा आणि नुसता आवाज ऐका.

हॅलोजन दिव्याच्या काचेला बोट लावायचं नाही, चिकटपणा जिथे लागतो तिथे काच तडकते. बऱ्याच सुपर एट मशीनांत १२ व्होल्ट १०० वॅटचा आणि १६ एमएमच्या नव्या मशीनांत २४ व्होल्ट २५० वॅटचा दिवा असतो. हे दिवे अजून मिळतात. दिवा मिळतो का हे बघूनच मशीन घ्या. ११० व्होल्टचे जुने मोठे दिवे शोधताना दमछाक होते.

मशीन तयार झालं असं वाटलं की घरची फिल्म लावू नका. कुठल्याही टाकाऊ प्रिंटचे वीस फूट घ्या, दहा वेळा चालवा आणि प्रत्येक वेळी भिंगाने भोकं व ओरखडे बघा. दहाव्या खेपेलाही ते वीस फूट होते तसेच निघाले तर मशीनवर विश्वास ठेवा.

खोली, पडदा, अंतर

चित्र किती मोठं येईल ते आधीच काढता येतं: अंतर गुणिले चौकटीची रुंदी, भागिले लेन्सचं माप. चौकटीची रुंदी १६ एमएमसाठी ९.६, सुपर एटसाठी ५.४, साध्या आठसाठी ४.४ मिलिमीटर धरा. आमच्या बैठकीत भिंतीपर्यंत चार मीटर मिळतात. १६ एमएमच्या ५० च्या लेन्सने ७७ सेंटिमीटर रुंद चित्र येतं, ३५ च्या लेन्सने जवळपास ११०. सुपर एटची झूम लेन्स २५ वर ठेवली तर ८६ सेंटिमीटर. शंभर वॅटच्या दिव्याला सव्वा मीटरपेक्षा मोठं चित्र मागू नका, काळा रंग राखाडी होतो. पोळातल्या, म्हणजे जुन्या गल्लीतल्या, अरुंद खोलीत छोटं, पण लखलखीत चित्रच छान दिसतं.

पांढरी मॅट रंगवलेली भिंत पुरते. चादर लावायची तर दुहेरी, मागे काळं कापड. मशीन वेगळ्या भक्कम टेबलावर, लोकांच्या मागे, आणि लेन्स पडद्याच्या मध्याशी काटकोनात.

दाखवताना

दिवा बंद ठेवून फिल्म घाला. लीडरचं टोक सरळ कापा. गेटच्या वर आणि खाली फिल्मचे सैल लूप हवेत, कारण गेटमध्ये फिल्म झटक्याझटक्याने सरकते आणि दातेरी चाकं एकसारखी फिरतात. तो फरक लूप सोसतात. हाताने फिरवायची मूठ दोन-तीन फेरे फिरवा, लूप तसेच राहतात का ते बघा. आपोआप फिल्म ओढून घेणारी मशीनं सोयीची असतात, पण थोड्या आकसलेल्या फिल्मसाठी मी हाताने घालायचं मशीनच वापरते. १६ एमएमच्या ऑप्टिकल, म्हणजे फिल्मच्या कडेवर उजेडाने छापलेल्या, आवाजात ध्वनी चित्राच्या २६ चौकटी पुढे असतो. आवाजाच्या ड्रमपर्यंतचा लूप चुकला तर ओठ आणि शब्द जुळत नाहीत.

आधी मोटर, मग दिवा. थांबताना उलट: दिवा आधी, मोटर नंतर. सगळा वेळ उजवा हात स्विचजवळ ठेवा. खडखड ऐकू आली किंवा चित्र वर सरकायला लागलं तर खालचा लूप गेला आहे. तत्क्षणी थांबा. जागीच थांबलेली चौकट गरम दिव्यासमोर काही क्षणांत फुगते, मधोमध तपकिरी होते आणि वितळते. मूकपट १६ किंवा १८ च्या वेगाने दाखवायचे. दिव्याचा उजेड अडवत फिरणारं शटर तीन पात्यांचं असेल तर १८ च्या वेगालाही सेकंदाला ५४ वेळा उजेड पडतो, डोळ्यांना लुकलुक जाणवत नाही.

घरची मूक फिल्म दाखवताना आमच्याकडे एक फोन पडद्याजवळ, आवाज रेकॉर्ड करायला लावून ठेवलेला असतो. चित्र सुरू झालं की म्हातारी माणसं बोलू लागतात. 'ही सुरसागरजवळची जागा, तेव्हा कठडा नव्हता', 'तो मागे उभा आहे तो दिगूचा मुलगा', 'ही साडी माझ्या मावशीने लेहरीपुऱ्यातून आणली होती'. गेल्या गणपतीत ऐंशी वर्षांच्या मावशीने १९६८ च्या एका रिळातली अकरा माणसं ओळखली. त्यांतल्या सात जणांची नावं आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हती. हे रेकॉर्डिंग त्याच रात्री उतरवून घ्या, रिळाच्या नावासकट.

नंतर

शेवट आला की दिवा घालवून पंखा दहा मिनिटं चालू ठेवा. फिल्म थंड झाल्यावर हातळ्यावर सावकाश, सारख्या ताणाने गुंडाळा. घट्टही नको, सैलही नको.

ठेवायची जागा: गच्चीखालची खोली नको, तळमजला नको, बाहेरच्या भिंतीला लागून कपाट नको. मधल्या मजल्यावरचं, आतल्या भिंतीचं कपाट बरं. बडोद्यात पावसाळ्यात हवेतला ओलावा ८० टक्क्यांच्या पुढे जातो आणि फिल्मला हवेत ३० ते ५०. एक छोटं आर्द्रतामापक कपाटात ठेवा, सिलिका जेल दर पंधरवड्याला तापवून पुन्हा वापरा. रीळ आडवं झोपवा. गंजलेल्या पत्र्याच्या डब्यातून काढून हवा खेळेल अशा प्लास्टिकच्या डब्यात घाला. साड्यांच्या कपाटातल्या डांबराच्या गोळ्या फिल्मजवळ नकोत. व्हिनेगरची शंका असेल तर चाचणीच्या कागदी पट्ट्या मिळतात. डब्यात ठेवल्यावर निळ्याची हिरवी आणि मग पिवळी झाली तर ते रीळ वेगळ्या खोलीत न्या आणि स्कॅनच्या रांगेत पहिलं लावा.

शेवटी वही. प्रत्येक रिळाला एक पान: माप, फूट, १०० चौकटींची लांबी आणि मोजल्याची तारीख, वास, रंग, किती जोड, कोणत्या मशीनवर, किती वेळा चालवलं, पडद्यावर कोण आहे. दरवर्षी पावसाळा संपला की, नवरात्राच्या आधी, मी सगळे डबे उघडते, वास घेते आणि लांबी पुन्हा मोजते. कमाटी बागेच्या रिळाच्या पानावर ३७६ आहे, खाली स्कॅनची तारीख आहे आणि त्याच्या खाली लिहिलं आहे: प्रोजेक्टरवर लावू नये.